घंटा कोणी वाजवायची?

गेल्या जुलै महिन्यातील गोष्ट. शिष्यवृत्तीच्या कामासाठी मला शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत हवी होती. म्हणून दोन दिवस तास बुडवून मी गावी गेले आणि माझ्या जुन्या हायस्कुलाची पायरी चढले. अकरा वाजत आले होते. हेडमास्तर ऑफिसातून बाहेर आले, व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने टोले दिले आणि आत जाऊन माझा दाखला लिहावयास बसले.

मी विचारले, "सर, मामा कुठे आहेत?"

"मामा रिटायर झाले, दोन वर्षं झाली."

"मग त्यांच्या जागी?"

"जागाच नाही अगं आता. त्यांच्याबरोबर जागाही रिटायर झाली."

दाखला लिहून, शिक्का मारून, रजिस्टरमध्ये नोंद करून हातात पडेपर्यंत अर्धा तास गेला. शेजारच्या वर्गात दहावीची मुले आपापसात बोलत बसली होती. तो तास सरांचाच होता, बीजगणिताचा. माझ्या एका दाखल्यापायी अठ्ठावीस मुलांचा बीजगणिताचा तास गेला, ही बोच घेऊन मी एस.टी.त बसले. हा लेख त्या बोचेतून लिहिला आहे. यात शाळेला दोष द्यावयाचा नाही, सरांना तर नाहीच. प्रश्न असा आहे की, सरकारने शाळांना पैसा देण्याचे नियम बदलले म्हणजे नेमके काय होते? वर्तमानपत्रात 'शासन निर्णय' एवढे दोन शब्द येतात. त्या शब्दांचा अर्थ वर्गात बसलेल्या मुलापर्यंत कसा पोहोचतो, हे आपण पाहिले पाहिजे. कारण तुम्ही आम्ही, या महाविद्यालयात बसलेले बहुतेक सारेजण, अशाच अनुदानित शाळांतून आलो आहोत.

प्रथम अनुदान म्हणजे काय, हे ध्यानात घेऊ. पुष्कळांची अशी समजूत असते की, अनुदान म्हणजे सरकारने संस्थेवर केलेले उपकार. ही समजूत मुळातच चुकीची आहे. खासगी शाळांना सरकारी मदत देण्याची पद्धत आपल्याकडे १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून सुरू झाली. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी सरकारला हाच जाब विचारला होता: सरकारची तिजोरी रयतेच्या घामाने भरते, तर त्या रयतेच्या मुलांच्या शिक्षणावर ती रिकामी का होत नाही? राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचे ठरविले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहातील मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. स्वातंत्र्यानंतर खेड्यापाड्यांत ज्या शाळा उभ्या राहिल्या, त्यांची जमीन कोणी दिली? गावाने. भिंती कोणी बांधल्या? पुष्कळ ठिकाणी गावानेच, वर्गणी काढून आणि श्रमदान करून. शिक्षकांचा पगार सरकारने द्यावा, त्याच्या बदल्यात शाळेने मन मानेल तशी फी घेऊ नये, नेमणुका नियमाने कराव्यात, राखीव जागा भराव्यात आणि दारात येईल त्या मुलाला आत घ्यावे, असा तो व्यवहार होता. म्हणजे अनुदान ही भीक नव्हे. तो समाज आणि सरकार यांच्यातील करार आहे. करारातील एका पक्षाने आपला वाटा हळूहळू काढून घ्यावयाचा आणि दुसऱ्या पक्षाने मात्र सगळ्या अटी पाळावयाच्या, याला काय म्हणावे?

आणि वाटा काढून घेण्याची रीतही अशी की, ती चटकन कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. शिक्षकांचा पगार बंद केला तर मोर्चा निघतो. खडूचे पैसे बंद केले तर कोण मोर्चा काढणार?

शाळेच्या अनुदानाचे दोन भाग असतात: वेतन अनुदान आणि वेतनेतर अनुदान. पहिल्यातून पगार भागतात. दुसऱ्यातून खडू, हजेरीपत्रके, प्रयोगशाळेतील आम्ल आणि परीक्षानळ्या, ग्रंथालयातील पुस्तके, वीजबिल, इमारतीची डागडुजी ही सारी कामे व्हावयाची. हे वेतनेतर अनुदान २००४ सालापासून थांबले. पुढे २०१३ साली ते पुन्हा सुरू झाले, पण पगाराच्या पाच टक्के या दराने. मधल्या आठ-नऊ वर्षांत ज्या शाळांत एकही नवे पुस्तक आले नाही, त्या शाळांतून शिकून गेलेल्या मुलांचे काय झाले असेल, याचा हिशेब कोणत्याही तिजोरीत मांडला जात नाही. आमच्या शाळेतील प्रयोगशाळेच्या कपाटाला मी तेथे असेपर्यंत कुलूप होते. गुरुजी फळ्यावर नळीचे चित्र काढीत आणि "समजा, आता हा द्रव निळा झाला" असे म्हणत. आम्ही वहीत निळा रंग भरीत असू. दहावीला मला विज्ञानात बरे गुण मिळाले, पण लिटमस कागद मी प्रथम पाहिला तो तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात, मैत्रिणीच्या हातात.

कोणी म्हणेल, सरकार देत नाही तर शाळेने फी वाढवावी. पण तेथे नियम आडवा येतो, आणि तो यावयासच पाहिजे. फी वाढवली तर शाळेत येणारी निम्मी मुले उद्यापासून गुरांमागे जातील. मग देणगी मागावी तर गावात दुष्काळ. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ही आमच्या शाळांची स्थिती आहे. शेवटी खडूचे पैसे जातात ते शिक्षकांच्या खिशातून. ते किती जातात आणि किती वर्षे, हे शिक्षक सांगत नाहीत. आपणही विचारीत नाही.

आता मामांच्या जागेकडे वळू. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतील शिपायाची पदे, जसजशी ती रिकामी होतील तसतशी, नियमित वेतनावर भरावयाची नाहीत असे ठरले. त्याऐवजी शाळेला 'शिपाई भत्ता' मिळावयाचा. मुंबईत महिना दहा हजार रुपये, इतर मोठ्या शहरांत साडेसात हजार आणि आमच्यासारख्या गावात पाच हजार. कागदावर ही काटकसर मोठी शहाणपणाची दिसते. पण जरा हिशेब करा. २०२४-२५ साली रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ७,७२२ रुपये होतात. म्हणजे शाळा उघडणे, वर्ग झाडणे, पाणी भरणे, टपाल तालुक्याला नेणे, परीक्षेच्या वेळी रात्री राखण करणे आणि घंटा देणे, एवढ्या कामाची किंमत सरकारने खडी फोडण्याच्या कामापेक्षाही कमी धरली. सर म्हणाले, "पाच हजारांत कोण येईल? आला तरी दोन महिन्यांत पळतो. मग मीच उघडतो, मीच बंद करतो." आणि वर्ग? वर्ग मुले झाडतात. श्रमाची सवय मुलांना असावी, याबद्दल माझे दुमत नाही. कर्मवीरांच्या शाळांतून मुले श्रम करून शिकली. पण ते श्रम शिक्षणाचा भाग होते. शासनाची तूट भरून काढण्यासाठी ते कोणी करवून घेतले नव्हते.

मामांचे काम केवळ झाडलोटीचे होते, असेही नाही. कोणती मुलगी तीन दिवस आली नाही, कोणाचे वडील पिऊन दारात उभे आहेत, कोणाला ताप भरला आहे, हे सर्वांत आधी मामांना कळे. पाचवीत असताना पुराच्या पाण्यामुळे आम्ही सातजणी शाळेतच अडकलो होतो, तेव्हा रात्री नऊ वाजता आम्हाला घरोघर पोहोचविणारे मामाच होते. हे काम कोणत्या भत्त्यात बसवावयाचे?

शिक्षकांच्या बाबतीतही हीच कथा आहे. २००० साली 'शिक्षणसेवक' नावाची योजना आली. नव्याने लागलेल्या शिक्षकाने पहिली तीन वर्षे मानधनावर काम करावयाचे. प्राथमिकला महिना तीन हजार, माध्यमिकला चार हजार, उच्च माध्यमिकला पाच हजार. पुढे मानधनात वाढ झाली आणि २०२३ सालापासून ते अनुक्रमे सोळा, अठरा आणि वीस हजार झाले, हे मान्य केले पाहिजे. पण तत्त्व तेच राहिले: शिकविणारा माणूस आधी स्वस्तात घ्यावयाचा. त्याच सुमारास, २००१ साली, नव्या शाळांना 'कायम विनाअनुदान' तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. 'कायम' हा शब्द २००९ साली काढला गेला. मग मूल्यांकन झाले, मग याद्या लागल्या आणि २०१६ साली वीस टक्के अनुदान मिळाले. त्यापुढचे टप्पे मिळविण्यासाठी शिक्षकांना पुनःपुन्हा मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. अगदी २०२५ च्या जुलैमध्ये, भर पावसात, ते तेथे बसले होते. माझ्या ओळखीचे एक शिक्षक आहेत. त्यांनी पंधरा वर्षे इतिहास शिकविला, आणि त्यांतील पहिली कित्येक वर्षे सकाळी दूध घालून. त्यांच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत तीन तऱ्हेचे शिक्षक एकाच टेबलाशी डबा खातात: पूर्ण पगाराचा, टप्प्यावरचा आणि बिनपगारी. काम तिघांचे एकच. 'समान कामास समान वेतन' हा धडा तिघेही नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवितात, ही त्यातली गंमत. मात्र या गमतीने हसू येत नाही.

आता सर्वांत मोठ्या बदलाकडे येते. तो म्हणजे डोकी मोजण्याचा. शाळेला किती शिक्षक द्यावयाचे हे दरवर्षी पटावरून ठरते. यालाच 'संचमान्यता' म्हणतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गास निदान एक शिक्षक असावा आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा या तिन्हींचे शिक्षक असावेत असे म्हटले होते. हा कायदा शाळेकडे 'शाळा' म्हणून पाहतो. मुले थोडी असली तरी विषय कमी होत नाहीत, हे त्याला कळते. पण १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने, या वरच्या वर्गांचा पट वीसच्या आत गेला तर त्यांच्यासाठी नियमित शिक्षकाचे पदच मंजूर होऊ नये अशी वेळ आणली. म्हणजे एकोणीस मुले असतील तर गणित शिकवावयास कोणी नाही. एकोणिसांना गणिताची गरज नसते काय? वाडीवस्तीवर, डोंगरात, धरणाच्या पलीकडच्या गावात पट वीस होणार कसा? तेथे माणसेच थोडी राहतात.

पट कमी होतो, हे खरे आहे. पण तो का कमी होतो, याचा विचार करू. एक कारण, घरटी मुले कमी झाली. दुसरे कारण, लोक कामासाठी शहरात गेले. ही दोन्ही कारणे कोणाच्या हातातली नाहीत. पण तिसरे कारण आहे. २०१२ च्या स्वयंअर्थसाहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या शाळा निघाल्या आणि त्यांच्या पिवळ्या गाड्या सकाळी आमच्या गावाच्या वेशीपर्यंत येऊ लागल्या. ज्याच्या घरी दोन पैसे आहेत, त्याने आपला मुलगा त्या गाडीत बसविला. त्याला दोष कसा द्यावा? त्याने आमच्या शाळेकडे पाहिले, तर प्रयोगशाळेला कुलूप, चित्रकलेला शिक्षक नाही, शिपाई नाही आणि हेडमास्तर घंटा वाजवीत आहेत. म्हणजे आधी पैसा काटावयाचा, पैसा कमी म्हणून सोयी जातात, सोयी गेल्या म्हणून मुले जातात, आणि मुले गेली म्हणून शिक्षक काढावयाचे. शिक्षक गेले की उरलेली मुलेही जातात. विहिरीतले पाणी उपसून टाकावयाचे आणि मग विहीर कोरडी आहे म्हणून ती बुजवावयाची, असा हा प्रकार आहे.

२०२३ साली वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. अशा शाळांची संख्या राज्यात सुमारे पंधरा हजार होती. मोठ्या शाळेत ग्रंथालय असेल, खेळाचे मैदान असेल, सवंगडी असतील, हे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. पण पंधरा हजार शाळांतील मुलांनी त्या मोठ्या शाळेत जावयाचे कसे? आमच्या गावापासून पुढचे हायस्कूल नऊ किलोमीटरवर आहे. मुलींना एस.टी.चा पास फुकट मिळतो, ही चांगली गोष्ट आहे. पण पास फुकट असून एस.टी. यावी लागते. संध्याकाळची गाडी चुकली तर मुलगी घरी पोहोचते अंधार पडल्यावर, आणि दोनदा असे झाले की तिसऱ्या वेळी तिचे नाव शाळेतून निघते. माझी आई सातवीपर्यंत शिकली. तिच्या वेळी गावात आठवीचा वर्ग नव्हता. मी पदवीपर्यंत आले, याचे श्रेय माझ्या हुशारीला फारसे नाही. माझ्या वेळेपर्यंत गावात दहावी आली होती, एवढेच त्याचे कारण. घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर शाळा असणे हेच मुलीच्या बाबतीत खरे अनुदान. बाकीचे सारे त्यानंतर.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. सरकार म्हणते की, शिक्षणावरचा बहुतेक पैसा पगारात आणि निवृत्तिवेतनात जातो, दुसऱ्या कामाला उरत नाही. हे खोटे नाही. संस्थाचालकांपैकी काहींनी नोकऱ्या विकल्या, पटावर नसलेली मुले दाखविली, हेही खोटे नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा लक्षावधी नावे फक्त कागदावर आहेत असे निघाले. २०२५ साली नागपूर भागात बनावट शालार्थ क्रमांकांवर पगार उचलल्याचे प्रकरण गाजले. या चोऱ्या शिक्षणक्षेत्रातीलच लोकांनी केल्या, हे आपण शरमेने मान्य केले पाहिजे. परंतु त्याची शिक्षा कोणाला? ज्याने बोगस मुले दाखविली त्याच्या तुकड्या वाढल्या, आणि ज्या हेडमास्तरांनी खरा पट दाखविला त्यांचा शिपाई गेला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. चोरी पकडण्यासाठी तपासनीस हवेत, हिशेब गावापुढे मांडावयास हवेत. त्यासाठी खडू कमी करून भागत नाही.

पंचवीस टक्क्यांच्या प्रश्नावरही थोडे लिहिले पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांना द्यावयाच्या आणि त्यांच्या फीची भरपाई सरकारने करावयाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला: जवळ, एक किलोमीटरच्या आत, सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेवर ही सक्ती नाही. वरवर पाहता हे आमच्यासारख्या शाळांच्या फायद्याचे. मुले आपोआप आमच्याकडे आली असती. पण मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. मला स्वतःला हा निकाल योग्य वाटतो. गरिबाच्या मुलाची दुसरी दारे बंद करून आमच्या शाळेचे वर्ग भरणे, यात आमच्या शाळेचाही अपमान आहे. नाइलाजाने मुले जेथे येतात ती शाळा जगली काय आणि मेली काय! पालकाने दोन्ही शाळा पाहाव्यात आणि विचार करून आमच्या शाळेत मूल घालावे, अशी ती शाळा असली पाहिजे. त्यासाठी जो पैसा लागतो तो देणे, एवढेच सरकारकडे मागणे आहे.

आणि पैसा नाही, हे म्हणणे तरी कितपत खरे? राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, असे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितले. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणातही तोच सहाचा आकडा पुन्हा लिहिला आहे. चोपन्न वर्षे एकच आकडा एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरवून घेतला गेला आणि अद्याप तो गाठलेला नाही. आम्ही विद्यार्थ्यांनी असे उतरवून घेतले तर त्याला कॉपी म्हणतात.

मित्रमैत्रिणींनो, हा प्रश्न आपला का आहे, याचे आणखी एक कारण आहे. आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्या वर्गातील निम्मी मुले-मुली उद्या बी.एड.ला जाण्याची स्वप्ने पाहतात. मीही त्यांतलीच. शाळेचा पैसा तुटतो तेव्हा पहिली कुऱ्हाड कोणावर पडते, ते पाहा. चित्रकला जाते, संगीत जाते, ग्रंथपाल जातो. मग भाषेचा शिक्षक इतिहास शिकवितो आणि इतिहासाचा शिक्षक भूगोल. आपण येथे तीन वर्षे ज्या विषयांवर प्रेम करावयास शिकतो, ते विषय शाळेत 'उरलेला तास' म्हणून शिकविले जाणार असतील, तर पुढे या महाविद्यालयात साहित्याच्या वर्गाला मुले कोठून येणार? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येईल? प्राध्यापकवर्गालाही माझी नम्र विनंती आहे की, त्यांनी या प्रश्नाकडे 'शालेय खात्याचा प्रश्न' म्हणून पाहू नये.

मग करावे काय? मला फार मोठे उपाय सुचत नाहीत. जे सुचतात ते साधे आहेत. वेतनेतर अनुदान शाळा सुरू होताना, जूनमध्येच हातात पडावे. वर्ष संपताना आलेल्या पैशातून वर्षभराचा खडू विकत घेता येत नाही. पट कितीही असो, प्रत्येक हायस्कुलात एक शिपाई आणि एक लेखनिक पूर्ण पगारावर असावा. शिक्षकांची पदे मंजूर करताना केवळ डोकी न मोजता विषयही मोजावेत. ग्रामसभेत विचारल्याशिवाय आणि मुलींच्या जाण्यायेण्याची सोय आधी एक वर्ष चालवून दाखविल्याशिवाय कोणतीही शाळा बंद करू नये. आणि शाळेला मिळालेला प्रत्येक रुपया व झालेला प्रत्येक खर्च शाळेच्या दर्शनी भिंतीवर लिहावा, म्हणजे चोरी करणाऱ्याला गाव विचारील.

आपल्या हातात एक गोष्ट मात्र लगेच आहे. दरवर्षी आपले राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर एखाद्या गावात भरते. आपण रस्ता झाडतो, बंधारा घालतो, शेवटच्या दिवशी गाणी म्हणतो. येत्या शिबिरात आपण आसपासच्या सात-आठ गावांतील शाळा पाहू. किती पदे मंजूर, किती भरलेली, प्रयोगशाळा उघडते का, ग्रंथालयात शेवटचे पुस्तक कोणत्या साली आले, आठवीनंतर किती मुली गळाल्या, एवढेच विचारू आणि लिहून आणू. ते पुढच्या अंकात छापता येईल, जिल्हा परिषदेला देता येईल. शासनाला निवेदने पुष्कळ जातात. पण त्यांत शाळेचे नाव, वर्ग आणि मुलींची संख्या क्वचितच असते.

दाखला घेऊन मी निघाले तेव्हा सर फाटकापर्यंत आले होते. मी म्हटले, "सर, तुमचा तास गेला माझ्यामुळे." ते म्हणाले, "तुझ्यामुळे कसला? रोजच जातो." एवढे बोलून त्यांनी घड्याळ पाहिले आणि पुढच्या तासाची घंटा द्यावयास ते परत फिरले.

घंटा कोणीतरी वाजवीलच. सर वाजवितील, उद्या एखादा विद्यार्थी वाजवील. पण ती ऐकून वर्गात शिरणारा शिक्षक आणि त्याची वाट पाहणारी मुले, ही दोन्ही तेथे असली पाहिजेत. ती जबाबदारी एकट्या हेडमास्तरांची नाही.

— तृतीय वर्ष, कला